जाळं नाही, झाडं!

दहावीत नाही तर बारावीत, चेतापेशीची आकृती तुम्ही काढलेलीच असणार. फांद्या फुटलेलं डोकं, मग लांबलचक शेपूट, शेपटीच्या टोकाला पुन्हा फांद्या. सुबक व नामनिर्देशित आकृती काढा! माझी आकृती दर वेळी भिंतीवरच्या पालीसारखी यायची आणि बाई अर्धा मार्क कापायच्या. पुढे मी मास कॉमला आले, बायोलॉजीशी संबंध संपला आणि पालीशीही.

त्यामुळे ही आकृती मुळात कुणी काढली असेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. पुस्तकात आहे म्हणजे ती पहिल्यापासून असणारच, असं आपण धरून चालतो. पण १८८० च्या दशकात तुम्ही युरोपातल्या एखाद्या बड्या प्रोफेसरला विचारलं असतं, तर बहुधा उत्तर आलं असतं की मेंदूत अशा सुट्या पेशी नसतातच. सगळा मेंदू म्हणजे एकमेकांत विणलेलं एकच सलग जाळं. हे मत ज्यानं मोडून काढलं त्याचं नाव सांतियागो रामोन इ काहाल. स्पेलिंगमध्ये 'जे' आहे, पण स्पॅनिशमध्ये त्याचा 'ह' होतो. म्हणून काजल नाही, काहाल.

त्याचा जन्म १ मे १८५२ चा, उत्तर स्पेनमधल्या पेतिया दे आरागोन नावाच्या डोंगराळ खेड्यातला. वडील हुस्तो रामोन गरिबीतून शिकून डॉक्टर झालेले, त्यामुळे शिस्त एकदम कडक. मुलगा मात्र सापडेल त्या कागदावर आणि रिकाम्या भिंतीवर चित्रं काढत सुटलेला. त्याला चित्रकारच व्हायचं होतं. वडिलांना हे मान्य नव्हतं, पण एकदा त्यांनी खात्री करून घ्यायचं ठरवलं. तेव्हा गावातल्या चर्चच्या भिंती रंगवायला एक कारागीर आला होता. त्याला मुलाचं चित्र दाखवलं. त्या बाबानं ते बघून निकाल दिला, की पोराच्या हातात कला नाही. झालं! भिंती रंगवणाऱ्या माणसाच्या एका शब्दावर करिअर काउन्सेलिंग संपलं.

मग पोरगं बिघडलं. शाळेत मार खाल्ला, कोंडून घेतलं, पळून गेला. अकराव्या वर्षी त्यानं लाकडाच्या ओंडक्याला भोक पाडून घरच्या घरी तोफ बनवली आणि शेजाऱ्याच्या बागेचं नवं कोरं फाटक उडवलं. त्याबद्दल तीन-चार दिवस खऱ्याखुऱ्या तुरुंगात काढले. वडिलांनी त्याला न्हाव्याकडे ठेवलं, नंतर चांभाराकडे ठेवलं. शेवटी १८६८ च्या उन्हाळ्यात त्यांनी एक विलक्षण उपाय केला. ते मुलाला घेऊन स्मशानात गेले, उघड्यावर पडलेली हाडं गोळा केली आणि म्हणाले, आता ही काढ. आणि ही मात्रा लागू पडली! प्रत्येक हाडाचा खड्डा, कंगोरा, वळण कागदावर उतरवता उतरवता मुलगा शरीरशास्त्र शिकला. चित्रकला सुटली नाही, फक्त मॉडेल बदललं.

कॉलेजातला काहाल तुम्हाला ओळखीचा वाटेल. एका मित्राकडून ताकदीच्या पैजेत हरला म्हणून इरेला पेटून जिम लावली. फीला पैसे नव्हते, तर जिमच्या मालकाला स्नायूंचं शास्त्र शिकवून फी फेडली. १८७३ मध्ये सारागोसाहून डॉक्टर झाला, लगेच सैन्यात भरती झाली आणि पुढच्या वर्षी क्युबात रवानगी. क्युबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता आणि तिथे बंड पेटलं होतं. जंगलातल्या छावणीत मलेरिया आणि हगवणीनं त्याला पार पोखरलं. १८७५ मध्ये परत आला तो हाडांचा सापळा होऊन. सैन्यातल्या पगारातून जे काही हाती लागलं त्यात भर घालून त्यानं हप्त्यांवर एक मायक्रोस्कोप घेतला. तिसऱ्याच वर्षी छातीतून रक्त पडलं. टीबी! तेव्हा त्यावर औषध नव्हतं. डोंगरातल्या हवेत महिनोन् महिने काढून तो त्यातूनही उठला. १८७९ मध्ये त्यानं सिल्व्हेरिया फान्यानासशी लग्न केलं. पुढे सात मुलं झाली. कमी पगार, त्यात मायक्रोस्कोप, रसायनं, प्रयोगाचे प्राणी यांवर होणारा खर्च, आणि तरी घर चालत राहिलं याचं श्रेय सिल्व्हेरियाचं. काहालच्या चरित्रात तिच्या वाट्याला येतात त्याहून जास्त ओळी तिला मिळायला हव्यात, असं माझं मत.

आता मुद्द्यावर येऊ. मायक्रोस्कोप आहे, हुशारी आहे, मग अडचण काय होती?

अडचण अशी, की मेंदूचा पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवला तर काहीच नीट दिसत नाही. सगळं एकमेकांत घुसलेलं, फिकट. रंग द्यावा तर सगळंच रंगतं आणि मग नुसता गिचमिड गोळा. घनदाट जंगलाचा फोटो वरून काढला तर कुठली फांदी कुठल्या झाडाची हे कळेल का? तसंच.

यावरचा तोडगा कामिल्लो गोल्गी या इटालियन डॉक्टरनं १८७३ मध्ये शोधला होता, तोही एका छोट्या गावातल्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये मुरवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायचा. यात एक जादू होते. शंभरातल्या दोन-चार पेशीच रंगतात, पण रंगतात त्या शेंड्यापासून मुळापर्यंत काळ्याकुट्ट होतात. बाकीचं सगळं पिवळसर, पारदर्शक. म्हणजे जंगलातली मोजकीच झाडं काळी करून बाकी सगळी गायब केल्यासारखं. पद्धत भन्नाट होती, पण भयंकर लहरी. कधी जमायची, कधी नाही. म्हणून फार कुणी तिच्या वाटेला जात नव्हतं. आणि गंमत अशी, की स्वतः गोल्गीला या पद्धतीतून जे दिसलं त्यावरून त्याचं मत झालं, की चेतापेशींचे तंतू एकमेकांत मिसळून जाळं बनवतात.

काहालला ही पद्धत बघायला मिळाली १८८७ मध्ये, माद्रिदला लुइस सिमारो या डॉक्टरकडे. चौदा वर्षं उशिरा! स्पेन तेव्हा विज्ञानाच्या नकाशावर कुठेच नव्हता, त्यामुळे असं व्हायचंच. पण एकदा ते काळं झाड बघितल्यावर काहाल झपाटला. त्याच वर्षी तो प्रोफेसर म्हणून बार्सिलोनाला गेला आणि कामाला लागला. त्यानं दोन गोष्टी केल्या. एक, चांदीचा हात एकदाच न फिरवता पुन्हा पुन्हा फिरवला. दुसरी जास्त हुशारीची. मोठ्या प्राण्याच्या मेंदूत तंतूंवर चरबीचं आवरण चढलेलं असतं, तिथे ही चांदी नीट बसत नाही. मग मोठं जंगल बघायचंच कशाला, रोपवाटिका बघू! त्यानं अंड्यातली पिल्लं, नवजात प्राणी घेतले. पेशी लहान, फांद्या कमी, आवरण नाही. आणि तिथे त्याला स्वच्छ दिसलं, की प्रत्येक तंतू कुठेतरी संपतो. दुसऱ्या पेशीच्या अगदी जवळ जातो, तिला बिलगतो, पण मिसळत नाही. जाळं नाही, झाडं आहेत. शेजारी शेजारी उभी, फांद्या फांद्यांना लागलेल्या, पण प्रत्येक झाड वेगळं.

याच काळात त्याला बुद्धिबळाचं व्यसन लागलं होतं, ही आत्मचरित्रातली कबुली मला फार आवडली. दुपारी क्लबमध्ये डाव, रात्री स्वप्नातही डाव. सुटेना. मग त्यानं पूर्ण ताकद लावून सलग आठवडाभर सगळ्यांना हरवलं, अहंकार शांत केला आणि पुढे कित्येक वर्षं मोहऱ्याला हात लावला नाही. ज्यांच्या फोनमध्ये एखादा गेम डिलीट-इन्स्टॉल-डिलीट होत असतो, त्यांनी ही ट्रिक करून बघायला हरकत नाही.

शोध लागला, पण छापणार कोण? काहालनं स्वतःच त्रैमासिक काढलं. मे १८८८ मध्ये पहिला अंक आला. लेख त्याचे, चित्रं त्याची, चित्रांचे छापही त्यानंच केलेले, खर्च खिशातून. प्रती साठ! परवडत होत्या तेवढ्याच. त्या त्यानं परदेशातल्या शास्त्रज्ञांना पोस्टानं पाठवल्या. उत्तर जवळजवळ नाहीच. कारण लेख स्पॅनिशमध्ये होते, आणि विज्ञान जर्मन, फ्रेंच नाहीतर इंग्रजीतून चालायचं. आपल्या भाषेतून शिकून सायन्सला गेलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग १८८९ च्या ऑक्टोबरमध्ये तो स्वतःच्या पैशानं बर्लिनला गेला. जर्मन शरीरशास्त्रज्ञांचं संमेलन होतं. काहालनं आपल्या स्लाइड्स मांडल्या आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये लोकांना बोलावू लागला. या, बघा! हा कोण स्पॅनिश माणूस, अशा चेहऱ्यानं काही आले, वाकले. त्यांच्यात होते ७२ वर्षांचे आल्बर्ट फोन क्योलिकर, या विषयातले तेव्हाचे सगळ्यात मोठे नाव. स्वतः जाळ्यावर विश्वास असलेले. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि मत बदललं. बहात्तराव्या वर्षी! काहालला आपल्या गाडीतून हॉटेलवर नेलं, जेवायला घातलं, बाकीच्यांशी ओळखी करून दिल्या. आणि काहालचे लेख वाचता यावेत म्हणून म्हातारबुवांनी नंतर स्पॅनिश शिकायला घेतलं. मला विचाराल तर या गोष्टीतला माझा हिरो नंबर दोन हाच. १८९१ मध्ये विल्हेल्म वाल्डायर या जर्मन प्रोफेसरनं या सुट्या पेशीला 'न्यूरॉन' नाव दिलं आणि गाडी रुळावर आली.

पण एक प्रश्न उरला होता. पेशी सुट्या आहेत हे ठीक. मग संदेश जातो कुठून कुठे? मेलेल्या, रंगवलेल्या पेशीत काही हलताना दिसत नाही. दिशा कशी कळणार?

इथे काहालच्या मदतीला आला डोळा. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला दृष्टिपटल असतं, कागदासारखं पातळ. ते खरं तर मेंदूचाच बाहेर आलेला तुकडा आहे. आणि त्याचा एक मोठा फायदा आहे: सुरुवात कुठे होते ते आपल्याला आधीच माहीत असतं. प्रकाश पकडतात त्या दंडाकार आणि शंकू आकाराच्या पेशी. शेवटही माहीत असतो, दृक् चेता, जी मेंदूकडे जाते. म्हणजे संदेशाची दिशा ठरलेली. आता मधल्या पेशींची तोंडं कुठे आणि शेपट्या कुठे एवढंच बघायचं. काहालनं बघितलं. मधल्या बायपोलर पेशींचं फांद्यांचं तोंड प्रकाशपेशींकडे, शेपटी पुढच्या गँग्लियन पेशींकडे. गँग्लियन पेशींच्या फांद्या त्या शेपट्यांकडे, आणि त्यांच्या स्वतःच्या शेपट्या मेंदूकडे. टँकरपासून घरापर्यंत हातोहात बादल्या पोचवणारी रांग असते ना, तशी. यावरून त्यानं नियम मांडला, की चेतापेशी फांद्यांतून संदेश घेते आणि शेपटीतून पुढे देते. नाक आणि मेंदू यांच्यामधल्या भागातही त्याला हेच दिसलं. तुमच्या आकृतीत बाण असतो ना, एकाच दिशेचा? तो हा.

दृष्टिपटल हाताळणं म्हणजे दिव्य होतं. इतकं पातळ, की चांदीचे डाग वरच्या पृष्ठभागावरच साचायचे आणि सगळं झाकून टाकायचे. काहालनं ते सरळ गुंडाळून घेतलं, आपण पोळीची सुरळी करतो तसं, म्हणजे बरेचसे थर आत सुरक्षित राहिले. मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी, पक्षी, सस्तन, सगळ्यांचे डोळे त्यानं असे तपासले आणि १८९३ मध्ये पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या दृष्टिपटलावर शंभराहून जास्त पानांचा ग्रंथच छापला. या वेळी फ्रेंचमध्ये, बेल्जियमच्या नियतकालिकात. दंडाकार पेशींचा निरोप नेणाऱ्या बायपोलर पेशी वेगळ्या आणि शंकूंच्या वेगळ्या, हेही त्यानं त्यात दाखवलं. म्हणजे रात्रीच्या अंधुक उजेडाची लाइन वेगळी, दिवसाच्या रंगांची वेगळी. यातली चित्रं एकदा बघाच. फोटोग्राफीत तो पटाईत होता, रंगीत फोटोग्राफीवर पुढे त्यानं पुस्तकही लिहिलं, पण पेशी मात्र हातानं काढायचा. एका फोटोत एकाच पातळीवरचं स्पष्ट येतं. हा माणूस बऱ्याच स्लाइड्स बघून, डोक्यात साठवून, त्यातून एक चित्र उभं करायचा. भिंती रंगवणाऱ्या त्या कारागिराला हे दाखवायला हवं होतं!

आणि इथेच, सगळं जुळत आलेलं असताना, दृष्टिपटलानं त्याला एक कोडं घातलं. मधल्या थरात काही पेशी अशा निघाल्या, की ज्यांना शेपटीच नाही. नुसत्या फांद्या. मग त्या घेतात कुठून आणि देतात कुठून? त्याच्या नियमात त्या बसेनात. दुसरा कोणी असता तर तळटीप टाकून मोकळा झाला असता. काहालनं त्यांना 'अमाक्राइन' नाव दिलं, अर्थ लांब तंतू नसलेल्या, आणि त्यांच्या फांद्या कुठल्या पातळीवर पसरतात ते बघून त्यांची वर्गवारी करत बसला. पक्ष्यांमध्ये तर मेंदूकडून उलट डोळ्याकडे येणारे तंतूही त्याला दिसले आणि तेही अमाक्राइन पेशींपाशीच येऊन थांबत होते. हे सगळं त्यानं छापलं. आपल्याच सिद्धांताला टोचणारे काटे होते, तरी.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण पुढे सगळी बक्षिसंच आहेत. १८९२ मध्ये माद्रिदला प्रोफेसर. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत मानाचं व्याख्यान. १८९७ मध्ये विज्ञान अकादमीत भाषण केलं, त्याचं नंतर तरुण संशोधकांना सल्ले देणारं पुस्तक झालं. त्यात संशोधकांच्या 'आजारांची' यादी आहे: नुसतेच वाचत बसणारे, नुसतीच महागडी यंत्रं जमवणारे, नुसतेच सिद्धांत झाडणारे. वाचताना आपल्या ग्रुपमधली दोन-चार नावं हमखास आठवतात. पण त्यातच संशोधकानं बायको कशी निवडावी यावरही ज्ञान आहे, आणि ते वाचून मुलींनो, तुम्ही पुस्तक फेकाल. मीही फेकणार होते. मायक्रोस्कोपखाली इतकं स्वच्छ बघणाऱ्या माणसाला घरातलं तसं दिसलं नाही, एवढंच म्हणते.

१९०६ चं नोबेल मात्र सांगायलाच हवं. ते मिळालं दोघांना, काहाल आणि गोल्गी, अर्धं अर्धं. एकाच्या पद्धतीनं दुसऱ्यानं त्यालाच खोटं पाडलेलं, आणि दोघं एका स्टेजवर! बर्लिनहून परतताना १८८९ मध्ये काहाल मुद्दाम गोल्गीच्या गावी, पाव्हियाला गेला होता, पण गोल्गी तिथे नव्हता. आता स्टॉकहोममध्ये भेट झाली. ११ डिसेंबरला गोल्गी बोलायला उभा राहिला आणि त्यानं आपलं भाषण न्यूरॉनच्या सिद्धांतावर टीका करण्यात घालवलं. दुसऱ्या दिवशी काहाल बोलला, आणि त्यानं आपले पुरावे मांडले. काहाल पुढेही कायम म्हणत राहिला, की गोल्गीची ती पद्धत नसती तर आपल्याला काही दिसलंच नसतं.

पण गोल्गी शंभर टक्के चुकला होता, असंही नाही हं. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दोन चेतापेशींमधली फट खरोखर दिसली आणि काहालवर शिक्कामोर्तब झालं. त्यानंतर मात्र अशाही जागा सापडल्या, जिथे दोन पेशी बारीक भोकांनी थेट जोडलेल्या असतात. आणि त्या भरपूर कुठे आहेत, ओळखा? दृष्टिपटलात. काही अमाक्राइन पेशींतही.

काहाल सत्तराव्या वर्षी निवृत्त झाला, पण मायक्रोस्कोप सुटला नाही. १९३० मध्ये सिल्व्हेरिया गेली. तब्येत ढासळत होती. तरी १९३३ मध्ये, ८१ व्या वर्षी, त्यानं दृष्टिपटलाच्या न सुटलेल्या प्रश्नांवर पुन्हा लेख लिहिला, आणि शेपटी नसलेल्या त्या पेशी त्यातही होत्या. चाळीस वर्षांनंतरही उत्तर नव्हतं. १७ ऑक्टोबर १९३४ ला माद्रिदमध्ये तो गेला.

त्याच्या आधी तीनच वर्षं, १९३१ मध्ये, लंडनमध्ये उल्फ फोन ऑयलर आणि जॉन गॅडम या दोघांना घोड्याच्या मेंदूच्या आणि आतड्याच्या अर्कात एक पदार्थ सापडला होता. त्यांनी त्याला 'सबस्टन्स पी' म्हटलं. तो नेमका काय आहे हे कळायला १९७१ साल उजाडलं. अकरा अमिनो आम्लांची छोटी साखळी निघाली. चेतापेशी अशा साखळ्या निरोप म्हणून सोडतात, त्यांना न्यूरोपेप्टाइड म्हणतात. पुढे संशोधकांनी अशी एकेक साखळी शोधून रंगवणारी पद्धत काढली आणि ती दृष्टिपटलावर वापरली, तेव्हा उजळून निघाल्या त्या बहुतांश अमाक्राइन पेशी. काहींत सबस्टन्स पी, काहींत सोमॅटोस्टॅटिन, काहींत आणखी कुठलं. शेपटी नसली तरी त्या गप्प बसलेल्या नव्हत्या. त्या फांद्यांतूनच घेतात आणि फांद्यांतूनच देतात. एकट्या उंदराच्या डोळ्यात त्यांचे साठहून जास्त प्रकार मोजले गेलेत. आणि कुठला प्रकार कुठे फांद्या पसरतो हे सांगताना आजचे संशोधक त्या थराचे जे पाच मजले करतात, एक ते पाच, ते काहालनं चांदीनं काळ्या केलेल्या पेशी बघत पाडलेले आहेत.